विंचवाचं बिऱ्हाड: ॲरिझोना कायोटीजचा शेवटचा हंगाम

आधी एक साधा हिशेब. एनएचएल ही उत्तर अमेरिकेतली सगळ्यात मोठी व्यावसायिक आइस हॉकी लीग. या गोष्टीच्या काळात तिच्यात प्रत्येक संघ हंगामात ८२ सामने खेळायचा, त्यातले ४१ घरच्या रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर. ॲरिझोना कायोटीज हा संघ शेवटचे दोन हंगाम ज्या रिंकवर खेळला, तिथे सामन्याला ४६०० खुर्च्या होत्या. ४१ गुणिले ४६०० म्हणजे हंगामाची १,८८,६०० तिकिटं, तीही एकूण एक खपली तर. त्याआधीच्या, फिनिक्सच्या पश्चिमेला असलेल्या ग्लेनडेलच्या अरेनात हॉकीसाठी १७,१२५ जागा होत्या. तिथे हाच गुणाकार सात लाखांच्या वर जातो. अमेरिकन फुटबॉलला टीव्हीचे करार पोसतात. हॉकीत तिकीट, पार्किंग, खाणंपिणं आणि अरेनातल्या जाहिराती यांवर संघाचं पोट फार अवलंबून असतं. आणि खेळाडूंचे पगार? ते ज्या लीगमध्ये न्यूयॉर्क आणि टोरंटो खेळतात, त्याच लीगच्या दराने द्यायचे.

कायोटीज २०२४ मध्ये ॲरिझोना सोडून युटाला गेले, तेव्हा ‘वाळवंटात हॉकी कशी चालणार’ हे वाक्य सगळीकडे ऐकू आलं. हे वाक्य आधी निकालात काढायला हवं, कारण खरं कारण त्याच्याआड दडतं.

बर्फाला बाहेरच्या उन्हाशी फारसं देणंघेणं नसतं. रिंकखाली काँक्रीटची लादी असते, तिच्यात जवळजवळ बसवलेल्या नळ्यांमधून मिठाचं द्रावण किंवा ग्लायकॉल शून्याच्या बऱ्याच खाली थंड करून फिरवतात. लादी गोठली की तिच्यावर पाण्याचे अगदी पातळ फवारे मारतात. मग पांढरा रंग, कारण बर्फ स्वतः पारदर्शक असतो आणि खालचं करडं काँक्रीट दिसलं तर काळी पक (हॉकीतली चेंडूऐवजीची चकती) डोळ्यांना सापडत नाही. त्यावर रेघा, वर्तुळं, बोधचिन्हं. पुन्हा पाण्याचे थर. सगळं मिळून जाडी जेमतेम तीन सेंटीमीटर. पृष्ठभाग उणे पाच अंशांच्या आसपास ठेवायचा. जास्त थंड झाला तर बर्फ ठिसूळ होऊन टवके उडतात, कमी थंड राहिला तर स्केटच्या पात्याखाली चिखल होतो. सामन्याच्या दोन भागांच्या, म्हणजे पीरियडच्या, मध्ये १८ मिनिटं मिळतात. त्यात झॅम्बोनी गाड्या वरचा खरवडलेला थर तासतात आणि गरम पाण्याचा पातळ हात देतात. पाणी गरमच लागतं. ते ओरखड्यांच्या कडा वितळवून खालच्या बर्फाशी एकजीव होतं, आणि त्यात विरघळलेली हवा कमी असल्याने थर घट्ट बसतो.

बर्फाचा मोठा वैरी दमटपणा. दारं उघडली, हजारो माणसं आत आली, की हवेतली वाफ बर्फावर दवासारखी बसते आणि पक अडखळायला लागते. या बाबतीत ॲरिझोनातल्या फिनिक्सची, म्हणजे कायोटीजच्या शहराची, कोरडी हवा फ्लोरिडापेक्षा बरी. आणि त्या दमट फ्लोरिडातल्या संघाने २०२४ चा स्टॅनले कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकला; त्याआधीचा, २०२३ चा, लास व्हेगसने. तोही वाळवंटातलाच संघ. म्हणजे बर्फाने कायोटीजला दगा दिला नाही. त्यांना हक्काचं घर कधीच मिळालं नाही.

‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण या संघाला जितकी लागू पडते तितकी क्वचितच कुणाला पडेल, आणि विंचू तर ॲरिझोनाचा घरचाच रहिवासी. संघ मुळात कॅनडातल्या विनिपेगचा, नाव विनिपेग जेट्स. १९९६ मध्ये तो फिनिक्सला आला आणि शहराच्या मध्यभागी असलेल्या अमेरिका वेस्ट अरेनात उतरला. ही इमारत १९९२ मध्ये बास्केटबॉलसाठी बांधलेली. इथली भूमिती नीट समजून घ्यावी, कारण या गोष्टीच्या शेवटी ती परत येणार आहे.

बास्केटबॉलचं मैदान ९४ फूट लांब आणि ५० फूट रुंद. हॉकीचं रिंक २०० बाय ८५. क्षेत्रफळ साडेतीन पटींहून जास्त. लांबीतला फरक १०६ फुटांचा, म्हणजे दोन्ही टोकांना ५३-५३ फूट जास्त लागतात. खालच्या काही रांगा सरकत्या असल्या तर त्या आत ढकलता येतात, पण वरचा मजला हलत नाही. तो मजला बास्केटबॉलच्या छोट्या मैदानाकडे बघत, शक्य तितका पुढे झुकवून बांधलेला असतो. बर्फ त्याच्या खाली सरकला की त्या टोकाच्या वरच्या प्रेक्षकाला जवळचा गोल दिसतच नाही. हॉकीत गोल न दिसणं म्हणजे सामना न दिसणंच. अमेरिका वेस्ट अरेनात एका टोकाला नेमकं हे झालं. अशा हजारो खुर्च्या स्वस्तात विकाव्या लागल्या, आणि इमारत दुसऱ्याची असल्याने बाकीच्या कमाईवरही संघाचा पूर्ण ताबा नव्हता.

म्हणून स्वतःचं अरेना हवं होतं. आधी स्कॉट्सडेलमधल्या लॉस आर्कोस मॉलच्या जागेचा बेत झाला. ते ठिकाणही योग्य होतं. हॉकीचं तिकीट काढणारी, पैसा बाळगून असलेली वस्ती स्कॉट्सडेल, टेंपी, चँडलर अशी पूर्वेकडे. तो बेत बारगळला आणि संघ डिसेंबर २००३ मध्ये अगदी उलट दिशेला, पश्चिमेच्या ग्लेनडेलला गेला. अरेना उत्तम होतं, हॉकीच्या मापाचं, सुमारे २२ कोटी डॉलरचं. पण आठवड्याच्या मधल्या दिवशी संध्याकाळी सातच्या सामन्याला स्कॉट्सडेलहून निघालेला माणूस ऐन गर्दीत सगळं महानगर ओलांडून जायचा. असं तो हंगामात पाच-सहा वेळा करेल, ४१ वेळा नाही करणार. माझ्या मते या संघाचं भवितव्य २००३ मध्येच बरंचसं ठरलं होतं. पुढची वीस वर्षं ती चूक निस्तरण्यात गेली.

मे २००९ मध्ये तेव्हाचे मालक जेरी मोयेस यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला. कॅनडाचे उद्योगपती जिम बाल्सिली संघ विकत घेऊन हॅमिल्टनला न्यायला तयार होते. न्यायालयाने ते होऊ दिलं नाही आणि अखेर लीगनेच सुमारे १४ कोटी डॉलरला संघ घेतला. २०१३ पर्यंत संघाला मालक नव्हता, लीग सांभाळत होती. गंमत म्हणजे याच काळात, २०१२ च्या वसंतात, संघ पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचला. त्याच्या फिनिक्समधल्या इतिहासातली ही सर्वोच्च मजल.

नवे मालक आले, ग्लेनडेलशी १५ वर्षांचा, २२.५ कोटी डॉलरचा करार झाला, आणि २०१५ मध्ये नगर परिषदेने तो रद्द करायचं ठरवलं. त्यानंतर दोन वर्षांचा तह झाला, मग वर्षावर्षाची मुदतवाढ. आपल्याकडे भाड्याच्या घराचा अकरा महिन्यांचा करार असतो, तशातली ही अवस्था. भाडेकरू भिंतीला खिळा ठोकतानाही विचार करतो. संघाच्या बाबतीत त्याचा अर्थ असा: प्रायोजक तीन-पाच वर्षांची सही करत नाही, हंगामाचं तिकीट घेणारा पुढच्या वर्षाची आगाऊ रक्कम भरायला कचरतो, आणि चांगला खेळाडू मोठ्या कराराआधी विचारतो की मुलांना कुठल्या शहरातल्या शाळेत घालू. ऑगस्ट २०२१ मध्ये ग्लेनडेलने कळवलं की २०२१-२२ नंतर मुदतवाढ नाही. त्याच डिसेंबरात थकबाकी भरा, नाहीतर अरेनात प्रवेश बंद, असंही कळवलं. पैसे लगेच भरले गेले, पण नाव जायचं ते गेलं.

अशा रीतीने एनएचएलचा संघ ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या आवारात, टेंपीतल्या मलेट अरेनात, विद्यार्थ्यांच्या संघाचा पोटभाडेकरू म्हणून राहायला आला. पहिला सामना २८ ऑक्टोबर २०२२ ला, तोही विनिपेग जेट्सशी. हे जेट्स म्हणजे २०११ मध्ये अटलांटाहून विनिपेगला गेलेला दुसराच संघ. रिंक पूर्ण मापाचं आणि चांगलं होतं. कमी पडत होतं ते बर्फामागचं सगळं. एनएचएलच्या संघाला दोन मोठ्या ड्रेसिंग रूम लागतात, उपचारांची खोली, स्केटना धार लावायची जागा, घामाने ओलं झालेलं साहित्य वाळवायची सोय, व्हिडिओची खोली. त्यासाठी संघाने आपल्या खर्चाने, सुमारे दोन कोटी डॉलर घालून, शेजारी जोडइमारत उभारली. ती हंगाम सुरू होईपर्यंत पुरी झाली नव्हती, म्हणून पहिले चार घरचे सामने तात्पुरत्या व्यवस्थेत उरकून संघ सलग १४ सामने परगावी खेळत फिरला. सराव चालायचा स्कॉट्सडेलच्या आइस डेनमध्ये. म्हणजे सरावाचा बर्फ एका गावात, सामन्याचा दुसऱ्या.

हे सगळं तात्पुरतं म्हणून सोसलं जात होतं, कारण टेंपीतच नवं अरेना होणार होतं. शहराची ४६ एकर जागा, आजवर कचरा टाकायला वापरलेली. तिच्यावर अरेना, घरं, हॉटेलं, दुकानं असा २१० कोटी डॉलरचा प्रकल्प. अडचणी दोन होत्या. कचऱ्याची जमीन साफ करायचा खर्च कुणी आणि कुठल्या पैशातून करायचा ही एक. दुसरी म्हणजे जागा स्काय हार्बर विमानतळाच्या उड्डाणमार्गाखाली येत होती, त्यामुळे तिथे राहती घरं बांधायला फिनिक्स शहराचा कडवा विरोध होता. १६ मे २०२३ ला टेंपीच्या नागरिकांनी तीन प्रस्तावांवर मतदान केलं आणि तिन्ही पाडले. विरोधात सुमारे ५६ टक्के. ‘घर पाहावं बांधून’ म्हणतात ते उगीच नाही. २०२३-२४ चा हंगाम सुरू झाला तो या निकालाच्या सावलीत.

आणि तरीही सुरुवात झकास होती. सप्टेंबरात संघ मेलबर्नला लॉस एंजेलिस किंग्जशी दोन सराव सामने खेळून आला; १९ वर्षांच्या लोगन कूलीने तिथे गिरकी घेत केलेला गोल जगभर फिरला. नोव्हेंबरच्या शेवटी ते डिसेंबरच्या सुरुवातीला संघाने लागोपाठ पाच सामने जिंकले. प्रतिस्पर्धी होते व्हेगस, टँपा बे, कोलोरॅडो, सेंट लुइस आणि वॉशिंग्टन. नावं परत वाचा: त्याआधीच्या सहा हंगामांचे सगळे स्टॅनले कप विजेते या पाचांत आहेत. शेवटचा, वॉशिंग्टनविरुद्धचा, ६-० ने.

गोलरक्षक कॉनर इंग्रमने हंगामात सहा सामने एकही गोल न खाता काढले. मानसिक आजाराशी झुंज देऊन परतल्याबद्दल त्याला चिकाटीचा मास्टर्टन पुरस्कार मिळाला, तोही याच वर्षी. क्लेटन केलरने ३३ गोल केले. प्रशिक्षक आंद्रे तुरिन्यी यांच्या हाताखाली पोरं जीव तोडून खेळत होती. २२ जानेवारीच्या सामन्यापर्यंत २३ विजय, १९ पराभव आणि जादा वेळेतले तीन पराभव असं खातं होतं. विजयाला दोन गुण आणि जादा वेळेतल्या पराभवाला एक, या हिशेबाने ४९ गुण. प्लेऑफच्या, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीच्या, शर्यतीत बसतील इतके.

मग दरड कोसळावी तसं झालं. सलग १४ पराभव, त्यातले दोन जादा वेळेत. २८ पैकी दोन गुण. फेब्रुवारीचा अख्खा महिना विजयाविना गेला. २४ जानेवारीलाच युटा जॅझ या बास्केटबॉल संघाचे मालक रायन स्मिथ यांनी आपल्याला सॉल्ट लेक सिटीत हॉकी संघ हवा, अशी जाहीर मागणी लीगकडे केली होती. दोन्ही तारखा लागून आल्या म्हणून एकीमुळे दुसरं घडलं असं म्हणणं घाईचं होईल. पण पुढच्या वर्षी कुठे राहणार हे ठाऊक नसलेल्या ड्रेसिंग रूममध्ये पराभव लवकर मुरतो, एवढं नक्की. त्या पडझडीनंतर संघ पुन्हा सावरला, उरलेल्या २३ सामन्यांत १३ जिंकला. अखेर ३६ विजय, ४१ पराभव, जादा वेळेतले पाच, ७७ गुण. पश्चिमेतून शेवटच्या जागेवर प्लेऑफ गाठलेल्या व्हेगसचे ९८ होते.

या संघाच्या पगारपत्रकाकडेही बघायला हवं, कारण गरिबी तिथे सगळ्यात स्पष्ट दिसते. लीगमध्ये पगाराला कमाल मर्यादा असते तशी किमानही असते. २०२३-२४ मध्ये कमाल ८.३५ कोटी डॉलर, किमान ६.१७ कोटी. किमान मर्यादेपर्यंत पोहोचणं सक्तीचं. आता युक्ती अशी: मर्यादेत मोजला जातो तो कराराचा वार्षिक सरासरी आकडा, प्रत्यक्ष दिलेला पगार नाही. शे वेबरचा करार १४ वर्षांचा, ११ कोटी डॉलरचा. सरासरी वर्षाला ७८.५७ लाख. पण करार सुरुवातीला जड आणि शेवटी हलका रचलेला, त्यामुळे या वर्षी त्याला प्रत्यक्ष द्यायचे होते फक्त १० लाख. वेबर दुखापतीमुळे २०२१ नंतर खेळलाच नव्हता. कायोटीजनी त्याचा करार मुद्दाम घेतला. तसाच याकुब व्होराचेकचा (८२.५ लाख) आणि ब्रायन लिटलचा (५२.९ लाख). तिघंही बर्फावर उतरणार नव्हते. जायबंदी खेळाडूचा पगार अनेकदा बराचसा विमा कंपनी भरते, आणि नको असलेला करार घेतल्याबद्दल दुसरा संघ वर ड्राफ्टमधली (नवे खेळाडू संघांना वाटून देणाऱ्या वार्षिक निवडप्रक्रियेतली) निवड देतो. तिघांची बेरीज २.१४ कोटी, म्हणजे किमान मर्यादेच्या एक तृतीयांशाहून जास्त. नियमात बसणारंच होतं हे. पण कागदावर सहा कोटींचा संघ आणि बर्फावर चार कोटींचा, असा त्याचा अर्थ. जनरल मॅनेजर बिल आर्मस्ट्राँग यांनी अशा व्यवहारांतून निवडी साठवल्या आणि तरुण खेळाडूंची मोठी फळी उभी केली. तिची फळं मात्र ॲरिझोनाने पाहिली नाहीत.

मार्चमध्ये एक गोष्ट अशी घडली की ती सोडून हा हंगाम सांगता येणार नाही. शेन डोन हा या संघाचा खरा चेहरा. विनिपेगने १९९५ मध्ये निवडलेला हा खेळाडू संघाबरोबर वाळवंटात आला, एकाच संघासाठी २१ हंगाम आणि १५४० सामने खेळला. त्याचा १९ नंबर निवृत्त केलेला आहे. २६ मार्च २०२४ ला त्याच्या मुलाने, जॉश डोनने, मलेट अरेनात याच संघाकडून पदार्पण केलं आणि पहिल्याच सामन्यात दोन गोल केले. तेव्हा संघाचे तीन आठवडे उरले होते.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, संघ कॅनडाच्या दौऱ्यावर असताना, खेळाडूंना सांगण्यात आलं. १७ एप्रिलला शेवटचा सामना, एडमंटनविरुद्ध. कायोटीजनी तो ५-२ ने जिंकला. दुसऱ्याच दिवशी लीगच्या मालकमंडळाने एकमताने व्यवहार मंजूर केला.

व्यवहाराची रचना विचित्र होती. स्मिथ यांनी १२० कोटी डॉलर दिले. त्यातले १०० कोटी कायोटीजचे मालक ॲलेक्स मेरुएलो यांना, २० कोटी लीगच्या बाकीच्या मालकांना. पण कायोटीज हा संघ स्मिथ यांना विकला गेला नाही. खेळाडूंचे करार, ड्राफ्टच्या निवडी, प्रशिक्षक आणि हॉकीचा कर्मचारीवर्ग युटाला गेला. नाव, बोधचिन्ह, इतिहास मेरुएलोंकडे राहिला. कागदोपत्री युटा हा नवा कोरा संघ आणि कायोटीज ‘निष्क्रिय’. पाच वर्षांत अरेना बांधून दाखवा, १०० कोटी परत करा, संघ पुन्हा सुरू करा, अशी मुभा होती. त्यासाठी उत्तर फिनिक्समधली सुमारे ११० एकर सरकारी जमीन, किमान बोली ६.८५ कोटी डॉलर, २७ जून २०२४ ला लिलावात निघणार होती. राज्याच्या जमीन खात्याने लिलाव आधीच रद्द केला, मेरुएलोंनी हक्क सोडले, आणि सातबाऱ्यावर नाव न लागताच घराचा विषय मिटला.

मागे राहिली ती रिंकवरची पोरं. स्कॉट्सडेलमध्ये वाढलेला ऑस्टन मॅथ्यूज लहानपणी कायोटीजचे सामने बघत हॉकीकडे वळला. २०१६ च्या ड्राफ्टमध्ये तो पहिला निवडला गेला, आणि कायोटीजच्या याच शेवटच्या हंगामात त्याने टोरंटोसाठी ६९ गोल केले. वाळवंटात हॉकी रुजत नाही म्हणणाऱ्यांनी हा एक आकडा लक्षात ठेवावा.

सॉल्ट लेक सिटीत संघ उतरला तो डेल्टा सेंटरमध्ये. १९९१ मध्ये उघडलेली ही इमारत बास्केटबॉलची. पुन्हा तेच: ९४ फुटांसाठी झुकवलेला वरचा मजला आणि खाली २०० फुटांचा बर्फ. ८ ऑक्टोबर २०२४ ला पहिला सामना झाला तेव्हा दोन्ही गोल नीट दिसतील अशा खुर्च्या सुमारे ११,१०० होत्या; एकच गोल दिसणाऱ्या धरून १६ हजारांच्या आसपास. पहिल्या हंगामात त्या एका गोलाच्या खुर्च्याही स्वस्तात विकल्या गेल्या, १९९६ मध्ये फिनिक्सला विकल्या होत्या तशाच. फरक एवढाच की इथे संघाचा मालक आणि इमारतीचा मालक एकच आहे. शहराच्या परिषदेने विक्रीकर अर्ध्या टक्क्याने वाढवून अरेना आणि आसपासच्या भागासाठी ९० कोटी डॉलरपर्यंतची सोय मतदान न घेताच करून दिली आहे, आणि टोकाच्या रांगा हॉकीच्या मापाने नव्याने रचण्याचं काम टप्प्याटप्प्याने चालू आहे.